कासव पाळायचं तर आधी ऊन सांभाळायला शिका

सकाळी पावणेसातला आमच्या मागच्या खोलीत एक दिवा आपोआप लागतो. दहा मिनिटं काहीच घडत नाही. मग कोपऱ्यातली माती हलते, तिच्यातून एक टकलं, सुरकुतलेलं डोकं वर येतं आणि इकडेतिकडे बघून सखू निघते. दिव्याखाली काळ्या फरशीचा एक तुकडा ठेवलाय, त्याच्यावर चढते, मान लांब करते आणि चारी पाय पसरून पडते. मागचे पाय तर असे टाकून दिलेले असतात की नवख्या माणसाला वाटावं, गेलीच ही. चहाला उकळी येईपर्यंत मी तिथे उभी राहून हे बघते. नऊ वर्षं झाली, कंटाळा आलेला नाही.

सखू हे हर्मन जातीचं जमिनीवरचं कासव. मूळ गाव भूमध्य समुद्राचा काठ, सध्या मुक्काम आमच्याबरोबर इंग्लंडात, रेडिंगला. आणलं तेव्हा ती एक वर्षाची, ४२ ग्रॅमची होती आणि नाव होतं सखाराम. पाच-सहा वर्षांची झाल्यावर शेपूट आखूडच राहिलं, पोटाची ढालही सपाटच राहिली. नराचं शेपूट लांब नि जाड असतं आणि पोटाला खोलगट बाक असतो. म्हणजे सखारामची सखू झाली. अशी फसगत आमचीच झाली असं नाही. हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबाबांनी १७८० मध्ये काकूच्या मागे तिचं कासव आपल्या घरी आणलं आणि वर्षानुवर्षं त्याच्या नोंदी ठेवल्या. ते ‘टिमथी’ (नाव पुरुषाचं) मादी होतं, हे ते मेल्यावर कळलं. त्याचं कवच आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

‘कमी त्रासाचा प्राणी’ म्हणून कासव घेणारे बरेच भेटतात. भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही, चार दिवस गावाला गेलं तरी चालतं वगैरे. यातलं भुंकत नाही एवढंच खरं. कुत्र्याला तुम्ही जेवण देता, माया देता. हवामान देत नाही. कासवाला तेच द्यावं लागतं. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नाही. ऊन, सावली, ओल, रात्र, हिवाळा, सगळं तुम्हीच चालवायचं. ते एकदा जमलं की मग मजाच मजा.

आधी कायदा, मग हौस

महाराष्ट्रातून वाचत असाल तर पहिली पायरीच शेवटची आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जे स्टार कासव घरात लक्ष्मी येते म्हणून चोरून विकलं जातं, ते पाळणं गुन्हा आहे. भारतातली जवळपास सगळी देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कुणी भेट म्हणून दिलं असेल किंवा कुठे सापडलं असेल, तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. रानात किंवा तळ्यात परस्पर सोडू नका. सुलकाटासारखी (हे आफ्रिकेतलं मोठं कासव) परदेशी कासवं ठेवणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मत्स्यालयाच्या दुकानातलं लाल कानपट्टीचं स्लायडर हे पाण्यातलं कासव, त्याचा संसार वेगळा. ते मोठं झालं की लोक गावच्या तळ्यात नेऊन सोडतात आणि तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास जातो. लक्ष्मीच हवी असेल तर ताटलीत पाणी घालून ठेवायचं धातूचं कासव काय वाईट आहे? त्याला दिवाही लागत नाही.

इंग्लंडात हर्मन विकताना ‘आर्टिकल १०’ प्रमाणपत्र, म्हणजे संरक्षित प्राणी विकायची सरकारी परवानगी, लागतं. पोटाची ढाल ठरावीक मापापेक्षा मोठी झाली की मायक्रोचिपही लागते. कागद दाखवायला खळखळ करणाऱ्याकडून घेऊ नका. १९८४ पर्यंत इथे भूमध्य प्रदेशातली कासवं रानातून पकडून जहाजं भरभरून यायची. त्यांतली बहुतेक पहिल्या काही हिवाळ्यांतच गेली. त्यामुळे आज घ्यायचं ते घरात जन्मलेलंच. जर्मनीत अशा कासवांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून मनाई आहे, कारण त्यांच्या विष्ठेतला साल्मोनेला हा जंतू आणि मुलांची ती तोंडात घालायची सवय. आपल्याकडे मुलं काय तोंडात घालत नाहीत, ते मी सांगायला नको.

पहिलं कासव म्हणून हर्मन किंवा हॉर्सफिल्ड जातीचं घ्या. दोन्ही हाताच्या पंजाएवढी, फार तर त्याहून थोडी मोठी होतात. बाजारातल्या गोड सुलकाटाच्या पिल्लाच्या नादी लागू नका, ते मोठेपणी ५० किलोचं होतं आणि बागेत बोगदे काढतं. आणि एकच घ्या. ‘एकट्याला करमणार नाही’ ही आपली माणसाची समजूत. नर मादीला चावून, कवचावर धडका देऊन हैराण करतो. दोन नर आणले तर कुस्तीचा आखाडा.

कासवाचं घर: उघडं, रुंद आणि मातीचं

इथे मी पहिली चूक केली. दुकानदाराने काचेची पेटी, भुशाची पिशवी आणि तयार खाण्याच्या गोळ्यांचा डबा गळ्यात मारला नि मी आनंदाने घेऊन आले. कासवाला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं, मग जाता का येत नाही? सखू तासन् तास काचेला नाक लावून पाय घासायची. मला वाटायचं, किती चपळ आहे! ती चपळाई नव्हती, तडफड होती.

त्यापेक्षा पुस्तकांचं जुनं कपाट आडवं, पाठीवर झोपवा आणि मधल्या फळ्या काढून टाका. आत तळ्यासाठी वापरतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. झालं कासवाचं टेबल. पिल्लाला ९० बाय ६० सेंमी पुरतं, मोठ्याला याच्या दुप्पट-तिप्पट तरी हवं. भिंती अपारदर्शक हव्यात, आणि उंच. कासवाला चढता येत नाही असं वाटत असेल तर एक दुपार त्याच्याबरोबर काढा.

आत माती घाला. खत किंवा औषध न मिसळलेली बागेची माती दोन वाटे आणि मुलांच्या खेळायची वाळू एक वाटा, थर निदान ८-१० सेंमीचा. लाडूसाठी वळायला घेतल्यासारखी मूठभर माती दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा राहायला हवा आणि बोटाने टोचल्यावर फुटायला हवा. वरचा थर कोरडा असला तरी चालेल, खाली ओल हवी. कोरड्या भुशात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात ते आयुष्यभर राहतात. एक अंधारी बीळवजा जागा द्या. अर्धी पुरलेली मातीची कुंडी उत्तम. पाण्याची ताटली उथळ हवी, कुंडीखालची बशी चालते. दोन-चार दगड ओबडधोबड ठेवा, त्यांच्यावरून जाता-येता नखं आपोआप झिजतात.

ऊन

आता मुख्य गोष्ट. इथे काटकसर करू नका.

उन्हात कासवाला दोन गोष्टी मिळतात, ऊब आणि अतिनील किरण. यूव्हीबी नावाच्या किरणांनी त्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागत नाही. कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या जुळून झालेलं ते हाडच आहे. उन्हाची उणीव पडली की ते मऊ पडतं, वाकडं होतं. खिडकीतलं ऊन यासाठी कामाचं नाही. ऊब काचेतून येते, यूव्हीबी बाहेरच राहतं. आमच्या एका मित्राने दोन वर्षं कासव दक्षिणेच्या खिडकीत ठेवलं आणि ‘भरपूर ऊन खातंय’ म्हणून खूष होता. तपासणीत त्याचं कवच बोटाने दबलं.

त्यामुळे दोन दिवे लावा. एक साधा उष्णतेचा, टेबलाच्या एका टोकाला, त्याच्याखाली कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश भरतील असा. दुसरी यूव्हीबीची लांब नळी, त्याच टोकाकडून मध्यापर्यंत. किती उंचीवर टांगायची ते नळीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, अंदाजाने टांगू नका. दुसरं टोक २०-२२ अंशांवर थंड राहू द्या. सगळं टेबल सारखं गरम करणं हा लाड नाही, छळ आहे. ऊन पुरे झालं की कासवाला सावलीत जाता आलं पाहिजे. दिवे दिवसाला १२ तास, टायमरवर. रात्री अंधारच हवा. घर १५ अंशांच्या खाली जात नसेल तर मोठ्या कासवाला रात्री हीटर लागत नाही.

यूव्हीबीची नळी वर्षाने बदलायची. ती पेटलेली दिसते, पण तिच्यातले किरण त्याआधीच आटलेले असतात. मी नळीवर मार्करने तारीख लिहून ठेवते. दिव्याखाली चढ-उतार किंवा कलंडेल अशी वस्तू ठेवू नका. सखू एकदा दिव्याखाली उलटी पडली होती. मी दहा मिनिटांत परतले म्हणून बरं. उलट्या कासवाला तिथे ना सावलीत जाता येतं, ना नीट श्वास घेता येतो.

ताटात काय

टोमॅटो, काकडी, सफरचंद, लेट्यूस. बहुतेकांच्या डोक्यात कासवाचं हेच ताट असतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच द्यायचं नाही. फळातल्या साखरेने हर्मनचं पोट बिघडतं. काकडी आणि लेट्यूस म्हणजे चावून प्यायचं पाणी. कुत्र्या-मांजरांचं खाणं, दूध-पोळी, डाळ यांचं तर नावच नको. पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकून पडतं, म्हणून तोही रोजचा नाही.

याला हवं तण. शेजारी ज्यावर औषध मारतात, ते तुम्ही पिशवी घेऊन गोळा करत फिरायचं. डँडेलियन हा राजा. तोडल्यावर आपल्या पाथरीसारखा दुधाळ चीक येतो, कूळही एकच. त्याच्या जोडीला सो-थिसल, क्लोव्हर, मॅलो आणि प्लँटेन. प्लँटेनचं नाव सांगितलं तर आईने सांगलीहून फोनवर विचारलं, “अगं, कासवाला केळं देतेस?” केळं नाही, इसबगोलाच्या जातकुळीतलं तण. सध्या तिच्यासाठी त्याचं नाव ‘इंग्लिश इसबगोल’ झालंय. जास्वंदीची पानं-फुलं आणि काटे काढलेलं फड्या निवडुंगाचं पानही चालतं. रस्त्याकडेचं, कुत्री फिरवायच्या जागेचं किंवा तणनाशक मारलेलं काही नको.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन ठेवा. हो, तोच, आयुर्वेदिक दुकानात मिळतो तो माकुळाच्या पाठीतला पांढरा तुकडा. इथे पक्ष्यांच्या खाद्याच्या कपाटात मिळतो. हवं तेव्हा येऊन कासव तो कुरतडतं. त्याशिवाय कॅल्शियमची पूड पाल्यावर भुरभुरावी. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोनदा.

आणि खाताना बघा. कासवाला दात नाहीत, चोचीसारखी धारदार कड असते. सखू आधी पान एका डोळ्याने न्याहाळते, जबडा वाजवीपेक्षा मोठा उघडते आणि पहिला चावा हमखास हुकवते. मग पुढचा पाय पानावर रोवून, मान मागे ओढून ते फाडते. टर्र असा बारीक आवाज येतो. डँडेलियनचं पिवळं फूल दिसलं की मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून अक्षरशः धावत येते. लाल-पिवळ्या रंगाचं तिला वेडच आहे. नेलपॉलिश लावून बागेत अनवाणी बसायचं नाही, हे मी अनुभवाने सांगते. इंद्रियं आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेने कासवाची उपमा दिली आहे. त्या कासवासमोर डँडेलियन नसावं.

आंघोळ आणि वजनकाटा

पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसवा. पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. आधी ते भरपूर पाणी पितं, मग त्याच पाण्यात सगळं उरकतं. घाण वाटली तरी तेवढं बघायचं. पांढरट चिकट पदार्थ येतो तो युरेट. तो दह्यासारखा मऊ असेल तर ठीक, वाळूसारखा कचकचीत असेल तर पाणी कमी पडतंय. टब वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. हात साबणाने धुवा, मुलांचे तर नक्कीच.

आंघोळीआधी वजन घ्या. पीठ मोजायच्या डिजिटल काट्यावर (कासवासाठी दुसरा काटा घ्या, नवऱ्याने हे आमच्याकडे ठणकावून सांगितलंय) महिन्यातून एकदा, आणि वहीत लिहा. कासवाचं आजारपण तोंडावर दिसत नाही. वजन घसरतं तेव्हाच कळतं. नाकातून बुडबुडे, सुजलेले डोळे, तोंड उघडून श्वास किंवा आठवडाभर अन्नाला तोंड न लावणं दिसलं तर वाट बघू नका. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याला खोकून कफ काढता येत नाही, म्हणून छातीचा आजार त्याला महागात पडतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर कासव आणायच्या आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात कासवाची जाण असतेच असं नाही.

कवचाला तेल लावू नका, रंगवू नका, दोरीसाठी भोक तर मुळीच पाडू नका. त्यात संवेदना असतात. दात घासायच्या जुन्या ब्रशने पाठ हळू घासली तर सखू मागचा भाग इकडून तिकडे हलवते, नाचल्यासारखा.

बाग

उन्हाळ्यात बाहेर सोडता आलं तर दिव्यापेक्षा सूर्य कधीही बरा. कुंपण अपारदर्शक हवं, जमिनीत १५-२० सेंमी गाडलेलं, आणि कोपऱ्यांवर आडवी फळी, कारण चढाई नेहमी कोपऱ्यातूनच होते. कोल्हा, उंदीर, मॅगपाय हा कावळ्याच्या जातीचा पक्षी आणि घरचा कुत्रा, चौघांवरही विश्वास नको. डॅफोडिल, फॉक्सग्लोव्ह, बटरकप, र्‍हुबार्बची पानं काढून टाका. गोगलगायी मारायचं औषधही बागेत नको.

शीतनिद्रा, अर्थात फ्रीजमध्ये कासव

नवख्यांची सगळ्यात भंबेरी इथे उडते. हर्मनला हिवाळ्याची झोप निसर्गाने दिली आहे, पण आजारी कासवाला ती मारते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात डॉक्टरांकडे नेऊन विष्ठा जंतांसाठी तपासून घ्या, आणि यंदा झोपवायचं की नाही, किती आठवडे, ते त्यांच्याकडूनच ठरवा. पिल्लांना तीन-चार आठवडे पुरतात, मोठ्यांना दहा-बारा.

झोपेत पोटात अन्न राहिलं तर ते सडतं. म्हणून झोपवण्याआधी दिवे चालू ठेवून सुमारे तीन आठवडे खाणं बंद, आंघोळ मात्र रोज. मग तापमान हळूहळू उतरवा. पुढचा मुक्काम ५ अंशांवर. ३ च्या खाली नाही, ७ च्या वर नाही. गोठलं तर डोळे जातात, १० च्या वर गेलं तर अर्धवट जागं होऊन साठवलेली ताकद जाळतं. इंग्लंडातल्या माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये हे तापमान टिकत नाही, म्हणून एक लहान वेगळा फ्रीज. आधी दोन आठवडे रिकामा चालवून बघा. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की तापमान फार हलत नाही. आत मातीचा डबा, झाकणाला भोकं, आणि बाहेरून वाचता येईल असा थर्मामीटर. रोज एकदा दार उघडून हवा बदलायची. आठवड्याला वजन घ्यायचं. महिन्याला साधारण एक टक्का घट ठीक. एकूण दहा टक्क्यांकडे चालली किंवा झोपेत लघवी केलेली दिसली तर लगेच उठवायचं, कारण मूत्राशयातलं पाणी हीच तिची हिवाळ्याची शिदोरी.

पहिल्या वर्षी मी रात्री दोनला उठून फ्रीजचा आकडा बघत होते. आपल्या संतांच्या ओव्या-अभंगांत कासवी नुसत्या नजरेने पिल्लं पोसते. खरी कासवी अंडी पुरून चालती होते, मागे वळूनही बघत नाही. ते नजरेचं काम आमच्या घरी माझ्याकडे आलंय.

गेल्या हिवाळ्यात सखू ९३८ ग्रॅमने आत गेली आणि ११ आठवड्यांनी ९१५ ने बाहेर आली. डबा आधी थंड खोलीत ठेवला, मग खोली तापवली, मग दिवा लावला. दोन तासांनी एक डोळा उघडला. कोमट पाण्यात ठेवलं तेव्हा तिने डोकं नाकापर्यंत बुडवलं आणि पिऊ लागली. गळ्याची कातडी एका लयीत वर-खाली, वर-खाली, सात-आठ मिनिटं तरी. त्या दिवशी खाल्लं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पान हुंगून सोडलं. फेब्रुवारीत डँडेलियनचं फूल कुठून आणायचं, म्हणून मी कोट घालून अख्खी गल्ली पालथी घातली आणि एका भिंतीच्या उबेला एकुलतं एक मिळालं. तिसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर ठेवलं. तिने एका डोळ्याने बघितलं, जबडा उघडला आणि पहिला चावा हुकवला.